सोळा हात आणि एक रकाना: नर्व्हची व्हेरिएशन्स शोधतानाच्या नोंदी

डिसेक्शन हॉलमधले आठ देह, सोळा हात. काखेपासून तळव्यापर्यंत नर्व्हची रचना पुस्तकापेक्षा कुठे वेगळी आहे ते बघायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच काम. हाच विषय कोणी घेणार असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्याचे वाचावेत म्हणून ही वही इथे उतरवते आहे. ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात येणाऱ्या नर्व्हचं जाळं) कसा बनतो ते इथे नाही, ते कुठल्याही पुस्तकात आहे.

७ जुलै

ठरवलेली यादी: मीडियन नर्व्ह कुठे आणि किती मुळांनी बनते, मस्क्युलोक्यूटेनियस नर्व्ह (दंडाच्या पुढच्या स्नायूंची) कोराकोब्रेकियालिस या दंडाच्या स्नायूमधून जाते की नाही, त्या दोघींमध्ये जोडशाखा आहे का, फोरआर्ममध्ये (कोपर ते मनगट) मीडियन आणि अल्नर (करंगळीच्या बाजूची नर्व्ह) जोडल्या आहेत का, तळव्यात थेनार (अंगठ्याच्या उंचवट्यातल्या) स्नायूंची शाखा कुठून निघते.

काम बघणाऱ्या मॅडमनी विचारलं, एका हाताला किती वेळ धरला आहेस? म्हटलं, दोन दिवस. त्या हसल्या आणि वेळापत्रकावर सही केली. (आजपर्यंतचा हिशेब: एका हाताला सरासरी पाच दिवस. तळवा धरून सहा.)

९ जुलै: पहिला हात, डावा

बिघडला. कसा ते नीट लिहिते, कारण पुढच्या सगळ्या कामाची दिशा याच हाताने बदलली.

पेक्टोरालिस मेजर (छातीचा मोठा स्नायू) उलटला, काख उघडली. चरबी भरपूर. विद्यार्थ्यांना दाखवायचं डिसेक्शन करायची सवय, त्यामुळे कात्री घेतली आणि ‘साफ’ करायला लागले. दुपारपर्यंत कॉर्ड्स (प्लेक्ससचे जाड गठ्ठे, ज्यांतून या नर्व्ह निघतात), आर्टरी, पाच मोठ्या शाखा लख्ख दिसत होत्या. फोटो काढण्याजोगं काम! वहीत लिहिलं: जोडशाखा, नाही.

संध्याकाळी पाणी शिंपडताना दंडाच्या मध्यावर मस्क्युलोक्यूटेनियसला एक लोंबता तुकडा दिसला, जेमतेम एक सेंटिमीटर. समोर मीडियनवर, थोडा खाली, दुसरा तुकडा. दोन्ही टोकं सरळ कापलेली. म्हणजे दोघींच्या मधली चरबी ओढून छाटताना मी काहीतरी कापलं होतं, आणि ते काय होतं हे आता सांगता येत नव्हतं. नर्व्ह असेल, नसेलही.

मॅडमना दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. माझ्या वहीतला ‘नाही’ खोडून त्यांनी शेजारी नवा रकाना आखला: ‘तपासता आली नाही’. म्हणाल्या, “आहे, नाही आणि हा तिसरा. महिन्याभराने कळेल तुला, तिसऱ्यात किती जातं ते.”

१४ जुलै

क्रम बदलला. आता असं करते:

स्काल्पेल फक्त त्वचेला. आत गेल्यावर बोथट फोरसेप्स आणि बोटं, कात्री फक्त उघडून वाट करायला, छाटायला नाही. काखेत आधी व्हेन्स बांधून काढायच्या, कारण सगळा गोंधळ त्यांचाच असतो. आर्टरीच्या शाखा मात्र ठेवायच्या. पेक्टोरालिस मायनर बरगड्यांच्या बाजूने सोडवायचा, कोराकॉइडवरून (खांद्याच्या पात्याचा पुढे आलेला भाग) अजिबात नाही. कोराकॉइडचं टोक पुढे मोजमापाला लागतं, आणि स्नायू तिथे असला की ते सापडतं.

मग अॅक्सिलरी आर्टरीच्या पुढचा एम शोधायचा: बाहेरचा पाय मस्क्युलोक्यूटेनियस, आतला अल्नर, मधला व्ही म्हणजे मीडियनची दोन मुळं. एम मिळाला की त्याच्या दोन पायांच्या मधली चरबी सगळ्यात शेवटी काढायची, तीही फोरसेप्सने कण कण वेचून. जोडशाखा असली तर तिथेच असते. एका दंडाला यासाठी तीन तास लागतात. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला सापडला नाही.

१८ जुलै: तिसरा हात

मीडियनला तीन मुळं. आतलं एक नेहमीच्या जागी, बाहेरून दोन. हॉलमधले मामासुद्धा बघायला आले.

तासाभराने शंका आली. वरचं बाहेरचं मूळ लॅटरल (बाहेरच्या) कॉर्डमधूनच निघतं. खालचं मात्र मस्क्युलोक्यूटेनियस कॉर्डपासून वेगळी झाल्यावर तिच्यातून निघतं आणि ती कोराकोब्रेकियालिसमध्ये शिरायच्या आधी मीडियनला मिळतं. हे तिसरं मूळ म्हणायचं की जोडशाखा? दोन्ही नावांनी लिहिलेलं वाचलं आहे. एकाच्या हिशेबात हा हात ‘तीन मुळांची मीडियन’ होतो, दुसऱ्याच्या हिशेबात ‘जोडशाखा, स्नायूच्या वर’, आणि मग दोघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायला आपण मोकळे.

आजच नियम लिहून टाकला: कॉर्डमधून निघालं तर मूळ, कॉर्ड सोडलेल्या नर्व्हमधून निघालं तर जोडशाखा. नियम बरोबरच आहे असा दावा नाही. मोजायच्या आधी लिहिलेला आहे, त्याला महत्त्व. तिसरा हात जोडशाखेत गेला.

२२ जुलै

प्रकार कोणाचे वापरायचे यावर दोन दिवस घालवले. ल मिनोर यांनी १९९० मध्ये पाच प्रकार केले, तंतू कुठून येऊन कुठे जातात यावर. व्हेनियेराटोस आणि अनाग्नोस्टोपुलू यांनी १९९८ मध्ये तीन केले, कोराकोब्रेकियालिसवर बोट ठेवून: जोडशाखा स्नायूत शिरण्याच्या वर, स्नायूतून बाहेर पडल्यावर खाली, किंवा नर्व्ह आणि जोडशाखा दोघीही स्नायूत न शिरता.

मनातून ल मिनोर आवडतात. पण त्यांचा दुसरा आणि तिसरा प्रकार वेगळा करायला ते तंतू मीडियनच्या आतल्या मुळाचे की बाहेरच्या, हे कळावं लागतं. वरून बघून ते कळत नाही. एपिन्यूरियम (नर्व्हचं बाहेरचं आवरण) सोलून भिंगाखाली गठ्ठे सुटे करत वर जावं लागतं. चौथ्या हातावर प्रयत्न केला. चार सेंटिमीटर गेले, गठ्ठा दुसऱ्याशी मिसळला, सोडवायला गेले आणि तुटला. एक पूर्ण दिवस, आणि शाखेची जागा कायमची विस्कटली. फोटो आधी काढले होते म्हणून निभावलं.

निर्णय: डोळ्याला दिसतं तेच लिहायचं, म्हणजे तीन प्रकारांची पद्धत. मस्क्युलोक्यूटेनियसच नसेल तर त्या पद्धतीत जागा नाही. तेव्हा ल मिनोरकडे जायचं.

२९ जुलै: सहावा हात, उजवा

आणि लगेच जावं लागलं.

कोराकोब्रेकियालिसमध्ये काही शिरतच नाही. लॅटरल कॉर्ड जाडजूड, तिच्यातून स्नायूला एक बारीक शाखा, बाकी सगळी मीडियनमध्ये. वहीत ठळक अक्षरात: मस्क्युलोक्यूटेनियस नाही, ल मिनोर पाचवा प्रकार.

पहिल्या हाताची आठवण ठेवून घरी जायच्या आधी उलटा प्रवास केला. हा या वहीतला सगळ्यात उपयोगी धडा, म्हणून सविस्तर. कोपरापाशी, बायसेप्सच्या टेंडनच्या बाहेरच्या कडेला फोरआर्मची लॅटरल क्यूटेनियस नर्व्ह बाहेर पडते. ती मस्क्युलोक्यूटेनियसचीच पुढची वाट. वरून खाली शोधताना हरवलेली नर्व्ह खालून वर शोधली की ती कुठून आली ते तिलाच सांगावं लागतं. इथे ती बायसेप्स आणि ब्रेकियालिसच्या मधून वर गेली, ब्रेकियालिसच्या शाखेला मिळाली, आणि दंडाच्या मध्याच्या थोडं वर दोघींचा एकच बुंधा मीडियनला जाऊन चिकटला. बायसेप्सची शाखा त्याच्याही वर, मीडियनमधून स्वतंत्र.

मग हा पाचवा प्रकार की चौथा? चौथ्यात मस्क्युलोक्यूटेनियसचे तंतू आधी मीडियनबरोबर जातात आणि पुढे तिच्यातून नर्व्ह वेगळी होते. पाचव्यात वेगळी नर्व्हच नाही, मीडियन थेट स्नायूंना शाखा देते. माझ्याकडे अर्धं हे, अर्धं ते. ब्रेकियालिस आणि त्वचेच्या सामाईक बुंध्याला ‘मस्क्युलोक्यूटेनियस’ म्हणायचं का, एवढाच प्रश्न. मॅडमचं मत चौथा, माझं पाचवा, शेवटी प्रकाराचा रकाना रिकामा ठेवला आणि शेजारी सहा ओळींचं वर्णन लिहिलं. मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं. वाचणाऱ्याने हवा तो आकडा घालावा.

याच देहाचा डावा हात अगदी पुस्तकातला.

अॅनेस्थेशियातल्या मैत्रिणीला सांगितलं. तिला प्रकारात रस नव्हता. काखेतून ब्लॉक देताना त्या मस्क्युलोक्यूटेनियसला वेगळी गाठतात, कोराकोब्रेकियालिसच्या आत किंवा आसपास सुई नेऊन. “म्हणजे इथे आम्ही रिकाम्या स्नायूत औषध सोडलं असतं,” ती म्हणाली. आणि असा हात काखेत मीडियनवर जखम घेऊन आला तर कोपर वाकवायचंही बळ जाणार, जे एकट्या मीडियनच्या इजेत कोणी अपेक्षित धरत नाही.

४ ऑगस्ट

फोरआर्म. सातव्या हातात मीडियनकडून अल्नरकडे तिरकी उतरणारी बारीक पांढुरकी दोरी. मार्टिन–ग्रूबर, म्हणजे फोरआर्ममधली मीडियन-अल्नर जोडशाखा! पिवळा दोरा बांधला, फोटो काढले, चार जणांना बोलावून दाखवली.

१३ ऑगस्ट

ती आर्टरी होती.

तुकडा हिस्टॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला) दिला होता, स्लाइड यायला आठवडा गेला. एचअँडई स्टेनमध्ये मधोमध पोकळी, जाड स्नायूची भिंत, आत जुनं रक्त. पेरिन्यूरियमचं (नर्व्हच्या गठ्ठ्याभोवतीचं आवरण) नाव नाही. लाज वाटली ती चुकीची नाही, चार जणांना बोलावल्याची.

स्लाइडची गरजच नव्हती. तिचं खालचं टोक मी अल्नर नर्व्हपर्यंत नेलं असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात नर्व्हच्या आवरणाला टेकल्यावर थांबले होते. आज पुढे सोडवलं तर ती अल्नर आर्टरीला मिळत होती. तेव्हापासून: दोन्ही टोकं नर्व्हच्या आवरणाच्या आत शिरताना दिसल्याशिवाय दोरा बांधायचा नाही. भिंगाखाली फोरसेप्सच्या टोकाने विंचरून बघायचं; नर्व्ह असेल तर लांबट गठ्ठे सुटतात, आर्टरी नळीसारखी दबते, नुसता तंतुमय पट्टा असेल तर जाळी होऊन फाटतो.

१७ ऑगस्ट: नववा हात

खरी मिळाली. अँटीरियर इंटरोसियस नर्व्हमधून (मीडियनची फोरआर्ममधली शाखा) निघून, फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसवरून (बोटं वाकवणारा खोल स्नायू) तिरकी, अल्नर आर्टरीच्या मागून अल्नर नर्व्हमध्ये. रोलंड मार्टिन यांनी १७६३ मध्ये आणि वेन्झेल ग्रूबर यांनी १८७० मध्ये लिहिलेली ती हीच. विंचरली, गठ्ठे सुटले. यावेळी कोणाला बोलावलं नाही.

पण ती सापडल्यावर एक वाईट गोष्ट लक्षात आली. आधीच्या हातांमध्ये मी फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशियालिस (त्याच्या वरचा, बोटं वाकवणाराच स्नायू) पोटातून आडवा कापून वर-खाली उलटला होता. जोडशाखा त्याच्या बरोबर खाली, प्रोफंडसला चिकटून असते. स्नायू ओढताना तिचं काय झालं असेल देव जाणे. नवव्या हातात तो रेडियसच्या बाजूने सोडवून आतल्या बाजूला पुस्तकाच्या पानासारखा उलटला होता, म्हणून ती जागच्या जागी राहिली.

म्हणजे आधीच्या आठांपैकी उघडलेल्या हातांमध्ये मी ठोकून दिलेला ‘नाही’ खोटा. परत जाऊन बघितलं. दोन हातांचा तो भाग अजून न उघडलेला होता, ते वाचले. सहा तिसऱ्या रकान्यात गेले. मॅडम म्हणाल्या होत्या ते महिना सोडा, पाच आठवड्यांनी कळलं.

एक सावधगिरी. या जोडशाखेतून हाताच्या छोट्या स्नायूंचे तंतू जातात, त्यामुळे कोपराशी अल्नर दुखावली तरी ते स्नायू चालू राहू शकतात, आणि नर्व्ह कंडक्शन तपासणीत वाचणारा गोंधळतो. हे खरं आहे, पण डिसेक्शनमध्ये तंतू कशाचे ते दिसत नाही. मी फक्त ‘आहे’ आणि कुठून कुठे, एवढंच लिहिलं.

२० ऑगस्ट

लेबलं. बॉलपेनने कागदावर लिहिलेली अर्धी धुऊन गेली. दंडाच्या जवळून काढलेल्या फोटोंपैकी अकरा असे की डावा की उजवा, वर कुठलं टोक, काही कळत नाही. देहापाशी उभं राहिलं की सगळं उघड असतं, फोटोत नुसत्या पांढऱ्या दोऱ्या. दीड दिवस फोटो जुळवण्यात गेला, तीन टाकून दिले.

आता लेबल पेन्सिलने. प्रत्येक फोटोत लेबल, मोजपट्टी आणि खांद्याकडे बाण. कंटाळा करायचा नाही.

२७ ऑगस्ट: तळवे

थेनार स्नायूंना जाणारी मीडियनची शाखा बहुतेक वेळा फ्लेक्सर रेटिनॅक्युलमची (मनगटाच्या पुढचा जाड पट्टा) खालची कडा ओलांडल्यावर निघून मागे वळते. पण ती रेटिनॅक्युलमच्या खालीच निघू शकते, आणि कधी कधी सरळ त्याला भोक पाडून वर येते. लान्झ यांनी १९७७ मध्ये ही व्हेरिएशन्स गटांत मांडली आणि हाताचे सर्जन आजही तीच नावं घेतात.

दहाव्या हातात रेटिनॅक्युलम मधोमध चिरला. भोक पाडून येणारी शाखा होती. होती, कारण ती सुरीच्या वाटेत आली. नंतर सगळे अल्नरच्या बाजूने उघडले, जे पहिल्यापासून करायला हवं होतं. कार्पल टनेलच्या ऑपरेशनमध्ये मधल्या रेषेच्या अंगठ्याकडे जाऊ नका म्हणतात ते याचसाठी. मी ते वाचलेलं होतं. दहाव्या हाताची ती शाखा ‘आहे’मध्ये गेली, कारण कापलेली दोन्ही टोकं रेटिनॅक्युलमच्या भोकातच मिळाली. मोजमाप मात्र गेलं.

पामर अॅपोन्यूरोसिस (तळव्याच्या त्वचेखालचा तंतुमय पडदा) सोलतानाही जपा. त्याच्या लगेच खाली अल्नर आणि मीडियनच्या बोटांकडे जाणाऱ्या शाखांना जोडणारी बेरेटिनीची शाखा असते, आणि ती इतक्या हातांत दिसते की तिला व्हेरिएशन म्हणावं की नाही असा प्रश्न पडतो. सोलण्याबरोबर ती निघून येते आणि पत्ताही लागत नाही.

खोलवरची, तळव्यातच मीडियन आणि अल्नरला जोडणारी रीश–कान्यू जोडणी (१८९७) शोधायला थेनार स्नायू जवळजवळ सुटे करावे लागतात. चार हातांत केलं. मग शनिवारी ओलं कापड टाकून गेले, वरून प्लॅस्टिक टाकायला विसरले. सोमवारी चारही तळवे चामड्यासारखे. हा भाग यादीतून काढला. ग्लिसरीन आणि थोडं फिनॉल घातलेलं पाणी, कापड आणि वर प्लॅस्टिक: तिन्ही हवेत.

३ सप्टेंबर

मानेत, एका बाजूला सी ४ (मानेची चौथी नर्व्ह) कडून प्लेक्ससला येणारी चांगली जाड शाखा. ‘प्रीफिक्स्ड’ (नेहमीपेक्षा वरच्या मुळांकडे सरकलेला प्लेक्सस) लिहायचा मोह झाला. थांबले, दोन कारणांनी. एक, ती शाखा मी खालच्या टोकापर्यंत नेली नव्हती. नेली तर ती सी ५ कडून फ्रेनिकला (डायफ्रॅमची नर्व्ह) जाणारी निघाली, मानेतल्या स्केलेनस अँटीरियर स्नायूच्या पुढून उतरणारी. दोन, सी ४ चा थोडा वाटा ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. कर यांनी १९१८ मध्ये १७५ प्लेक्सस तपासून लिहिले, त्यांत निम्म्याहून जास्तींत तो होता. प्रीफिक्स्ड म्हणायला सी ४ मोठा आणि टी १ (छातीची पहिली नर्व्ह) बारीक, दोन्ही दाखवावं लागतं. टी १ बघायला पहिल्या बरगडीच्या मानेपर्यंत जावं लागतं, आणि तेवढं मी एकाही बाजूला गेले नव्हते.

तो रकाना पूर्ण तिसरा.

१० सप्टेंबर

मोजमापं पुन्हा. खांदा किती बाजूला नेला आहे यावर कोराकॉइडपासूनचं अंतर बदलतं. माझ्या सुरुवातीच्या हातांची ठेवण दर वेळी वेगळी. सगळे हात धडापासून सारख्याच अंतरावर ठेवून, कोराकॉइडचं टोक ते मीडियल एपिकॉन्डाइल (कोपराच्या आतल्या बाजूचं हाडाचं टोक) ही लांबी घेतली, आणि जोडशाखेची जागा मिलिमीटरबरोबर त्या लांबीच्या टक्क्यांतही लिहिली. ज्युनिअरने न बघता पुन्हा मोजलं. तीन ठिकाणी आमच्यात एक सेंटिमीटरहून जास्त फरक. तिन्ही ठिकाणी जोडशाखा तिरकी मिळते, आणि ‘मिळण्याचा बिंदू’ म्हणजे आवरणं एकत्र येतात तो की तंतू मिसळतात तो, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. आवरणांचा धरला.

१८ सप्टेंबर

आज टेबल भरलं. टक्के काढले नाहीत. सोळा हात, तेही आठ देहांचे. एका देहाचे दोन हात स्वतंत्र नमुने नव्हेत, आणि ‘तिसरा रकाना’ वजा केला की मार्टिन–ग्रूबरसाठी हातात दहाच उरतात. मॅडम म्हणाल्या, टक्के मागतील. मागू देत.

जाता जाता पहिल्या हाताचे ते दोन तुकडे हिस्टॉलॉजीला दिले होते, त्यांच्या स्लाइड आल्या. दोन्हींत पेरिन्यूरियम, दोन्हींत स्वच्छ गठ्ठे. नर्व्ह. ज्युनिअर म्हणाली, मॅम, मग ‘आहे’ करू या ना.

मस्क्युलोक्यूटेनियसवरचा तुकडा ब्रेकियालिसच्या शाखेचा असू शकतो. मीडियनवरचा, आर्टरीला जाणारा एखादा धागा. दोघांच्या मधले दोन सेंटिमीटर मी ९ जुलैला चरबीबरोबर भांड्यात टाकले. रकाना होता तोच ठेवला.